डब्यातला टोपीवाला

माझ्या भावाने दोन चमचे सूप कसंबसं गिळलं, चमचा वाटीत टाकला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं, तेव्हा खरं सांगते, मला त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. आजारी माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा यावं आणि त्याला वाटीभर सूप पाजून दाखवावं.

गाडी शिकवणं हा माझा धंदा. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखाली आपला वेगळा ब्रेक, आणि समोरचा चुकला की आपण दाबायचा. इतकी वर्षं हेच केल्यामुळे पायाला खोडच लागली आहे. घरी नवऱ्याने चहाचा कप टेबलाच्या काठावर ठेवला तरी माझा पाय जमिनीवर दाबला जातो. भावाच्या आजारात मात्र दाबायला ब्रेकच सापडत नव्हता. मी नुसती या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारत होते.

भावाला आम्ही ढब्या म्हणतो. शाळेत खेळाचा मास्तर होता तो. मैदानाच्या या टोकाला ओरडला की त्या टोकाची पोरं सरळ उभी राहायची. घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, मग रेडिएशन सुरू झालं. पहिले काही दिवस बरे गेले आणि मग तोंडाची चव गेली. काहीही तोंडात घाला, ओला कागद चावल्यासारखं लागतं म्हणायचा. गिळताना घसा सोलून निघायचा ते वेगळंच. बघता बघता ढब्याचं फक्त नाव ढब्या राहिलं. शर्ट अंगावर नाही, दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसायचा.

मंगळवारी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "वजन असंच उतरत राहिलं तर पुढचं रेडिएशन देता येणार नाही," ते म्हणाले. "मध्येच थांबवलं तर आतापर्यंतचं सगळं पाण्यात. सोमवारी परत वजन करू. तोवर काही खाल्लं तर ठीक, नाहीतर नाकातून नळी."

नळी म्हटल्यावर ढब्या उठून बसला. "नळी घालून घेणार नाही," म्हणाला. "एक वेळ उपचार सोडून देईन."

"मग खा ना, बाबा!"

"काय खाऊ? सगळं सारखंच लागतं. एक टोपीवाला असता तर खाल्ला असता."

टोपीवाला! किती वर्षांनी तो शब्द कानावर पडला होता.

टोपीवाला म्हणजे आमच्या लहानपणी मिळायचं ते पुडिंग. छोटा कागदी कप, त्यात दुधाचं पांढरंशुभ्र पुडिंग आणि वर जाळलेल्या साखरेच्या पाकाची तपकिरी टोपी. कपावर टोपी घातलेल्या माणसाचं चित्र. आमच्याच शहरात त्याचा कारखाना होता आणि आमची आई त्याच कारखान्यात कामाला होती. गावातली बाकीची पोरं तो कपातून, चाटून चाटून, पुरवून खायची. आम्ही डब्यातून खायचो! महिन्यातून एखाद-दोनदा आई संध्याकाळी भला मोठा स्टीलचा डबा भरून आणायची. कप नाहीत, काही नाही, नुसता टोपीवाला काठोकाठ. त्या दिवशी घरात स्वयंपाक नसायचा. आई दारातूनच ओरडायची, "आज चुलीला सुट्टी! आज नुसतं गोड!" आणि आम्ही दोघं घरभर नाचायचो. जमिनीवर बसून एकाच डब्यात दोन चमचे घालून तळ दिसेपर्यंत खायचो. बाबा आम्ही अगदी लहान असतानाच गेले, त्यामुळे वाटेकरीही कुणी नव्हतं. शाळेत मात्र कुणाला सांगायचं नाही, असा आईचा दम होता. सांगितलं असतं तर पोरींनी जळून खाक व्हायचंच बाकी ठेवलं असतं. पुढे आम्ही मोठे झालो, कारखाना बंद पडला आणि टोपीवाला गेला तो गेलाच.

म्हणजे मला तसं वाटत होतं. बुधवारी सकाळी दुकानात गेले तर गारेगार कपाटात समोरच टोपीवाला! कुठल्यातरी नव्या कंपनीने तोच कप, तेच चित्र घेऊन परत काढला होता. वर लिहिलेलं, 'तीच जुनी चव'. मी तिथल्या तिथे एक किंकाळी फोडली. दुकानदार दचकून म्हणाला, "बाई, उंदीर दिसला का?" होते नव्हते ते सगळे कप मी उचलले आणि गाडी अशी हाणली की माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने हाणली असती तर मी त्याला उतरवून दिलं असतं.

ढब्याने कप हातात घेतला. चित्राकडे बघून हसला. किती दिवसांनी हसला. चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने उघडले.

"हा नाही," तो म्हणाला.

"अरे, नीट खाऊन तर बघ! तुझ्या तोंडाला चव नाही, तुला काय कळतंय!"

"चव नाही म्हणूनच कळतंय. टोपी जिभेला चावायची. ही चावत नाही. ताई, तू खा बरं."

मी खाल्ला. आणि काय सांगू, त्याचं बरोबर होतं. पुडिंग ठीकच होतं. टोपी मात्र नुसतं गोड पाणी. आमच्या टोपीला एक जोर होता. काळीभोर, खमकी, जिभेवर ठेवली की आधी चिमटा काढायची आणि मग गोड लागायची. हिला ना रंग, ना रूप.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कपावर फोन नंबर होता, तो फिरवला. एका गोड आवाजाच्या मुलीने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे." मी म्हटलं, मत नाहीये, तक्रार आहे, लोकांना टोपी घालायचं काम चाललंय तुमचं. ती म्हणाली, बाकी सगळ्या जुन्या लोकांना चव अगदी तशीच वाटतेय, कितीतरी जण रडले म्हणे खाऊन. "रडणारच," मी म्हटलं, "फसवल्यावर माणूस रडणारच," आणि फोन आपटला. मोबाइल आपटून काही उपयोग नसतो, उलट काच तडकते. तडकली.

मग मला सुचलं. घरात सोन्याची खाण असताना मी कंपनीच्या दाराशी कशाला डोकं फोडतेय? आई स्वयंपाकघरात कपड्यांच्या घड्या घालत होती. ती ढब्याकडेच राहते. तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आई, टोपीवाला कसा करायचे गं? टोपीचा पाक तूच करायचीस ना?"

"मला नाही आठवत."

माझी आई! कुणी कुठल्या साली छत्री नेली आणि परत आणली नाही ते तिला आठवतं. शेजारणीने माझ्या लग्नात कुठली साडी नेसली होती आणि ती कुणाची होती तेही आठवतं. आणि जे काम सबंध आयुष्यभर केलं, ते आठवत नाही?

"साखर जाळायची असते ना? किती जाळायची? काळी होईपर्यंत?"

"काळी कशाला? सोनेरी. डोकं खाऊ नकोस, मला कामं आहेत."

"मग आमची काळी कशी असायची?"

"तुम्हाला काळी वाटली असेल. तेव्हा बल्ब मिणमिणता होता घरात."

"बरं. लाइनसाहेबांना विचारते." कारखान्यात आईच्या वरच्या माणसाला सगळे लाइनसाहेब म्हणायचे. अजून आहेत, नदीपलीकडे राहतात, एवढं मला माहीत होतं.

आईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "त्यांच्याकडे जाऊ नकोस."

"का?"

"म्हातारे आहेत. झोपलेले असतील."

"भर सकाळी?"

"म्हातारी माणसं केव्हाही झोपतात," आई म्हणाली आणि घडी घातलेला टॉवेल उलगडून परत घडी घालायला लागली. मी तिच्याकडे बघत राहिले. काहीतरी पाणी मुरतंय, हे मला कळत होतं. काय ते कळत नव्हतं. दोन दिवस मी तिला या ना त्या तऱ्हेने खोदत राहिले, ती ताकास तूर लागू देईना. तिकडे ढब्या दिवसाला चार चमचे दूध गिळून भिंत बघत पडलेला. शुक्रवारी रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

शनिवारी सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा गाडीचा तास होता. बाई लोकांच्या तोंडात न घाबरता ड्रिल घालतात, पण चौकात आल्या की डोळे मिटून घेतात. मी म्हटलं, "आज आपण पूल ओलांडायचा सराव करू."

"पूल? मॅडम, मला अजून उजवीकडे वळता येत नाही."

"पुलावर वळायचं नसतंच. चला."

तसंच मी नेलं त्यांना. वाटेत ट्रकवाल्यांनी आमच्या खानदानाचा उद्धार केला, मी त्यांच्या खानदानाचा केला, डॉक्टरीणबाईंनी सगळा पूल 'आई गं, आई गं' करत पार केला. लाइनसाहेबांच्या इमारतीखाली गाडी लावून त्यांना म्हटलं, आरशात बघून मागे-पुढे करत बसा, मी आलेच.

लाइनसाहेब झोपलेले बिलकुल नव्हते. इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. आईचं नाव सांगितलं तसे खूश झाले. मी पर्समधून नवा कप काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, साहेब, खा आणि खरं सांगा.

त्यांनी चष्मा लावून आधी टोपीचा रंग पाहिला, मग वास घेतला, मग जिभेवर घेऊन घोळवला.

"तोच आहे," ते म्हणाले. "अगदी तोच."

"साहेब, काहीतरीच काय! टोपी बघा ना. आमची काळी असायची. जिभेला चावायची."

"काळी? काळी टोपी म्हणजे बाद माल. दुकानापर्यंत गेलीच नसती. तुम्ही खाल्लीत कुठे?"

"घरी! आई आणायची. डब्यातून."

लाइनसाहेब हसायला लागले ते थांबेचनात. "मग बरोबर आहे, बाई. चांगला कप घरी न्यायला कामगारांना सक्त मनाई होती. दारावर पिशव्या तपासायचे. बाद माल मात्र संध्याकाळी डब्यात काढून न्यायची मुभा होती. तुम्ही दोघं बाद टोपीवाल्यावर वाढलात!"

मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. सगळ्या शहरापेक्षा आपण काहीतरी खास खाल्लं म्हणून जन्मभर मिरवलं, ते फेकून द्यायच्या लायकीचं होतं. आणि त्या बिचाऱ्या फोनवरच्या मुलीला मी काय काय बोलले होते.

साहेबांना बोलायला माणूस मिळालं होतं. "तुमच्या आईसारखा पाकावरचा हात मी दुसरा पाहिला नाही," ते म्हणाले. "कढईकडे पाठ करून उभी असली तरी वासावरून सांगायची, आता उतरवा. पण मधूनच काय व्हायचं कुणास ठाऊक. महिना सरत आला की बाईंचं लक्ष उडायचं. आता पाक करपतो, कुणाचाही करपतो. करपला तर कढई रिकामी करायची, घासायची, दुसरा लावायचा. कालची पोरगीसुद्धा एवढं करते. ह्या बाई करपलेला पाक सरळ कपांवर ओतून मोकळ्या! अख्खी फळी बाद."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? कामाला वाघ होती, काढून कसं टाकायचं? मी म्हटलं, डोळे अधू झाले असणार, रंग दिसत नसेल. कारखान्याने डोळे तपासून घेतले. तिला म्हणे समोरचं मोठ्ठं अक्षरसुद्धा वाचता आलं नाही. जाड भिंगाचा चष्मा करून दिला. वर्षानुवर्षं लावला तिने. तरी चूक काही सुटली नाही. मुकादम करायचं दोनदा चाललं होतं, मीच नाव सुचवलं होतं. वरच्यांनी नाही म्हटलं. म्हणाले, जिला पाक सांभाळता येत नाही ती माणसं काय सांभाळणार. वाईट वाटायचं हो मला."

माझ्या आईला आजही, या वयात, खिडकीतल्या उजेडात सुईत दोरा ओवता येतो. चष्मा न लावता. तो जाड भिंगाचा चष्मा मला चांगला आठवत होता. घरी आली की दारातच तो काढून ठेवायची आणि डोक्याला फडकं गच्च आवळून बांधून बसायची. डोकं दुखतंय म्हणायची. आम्हाला वाटायचं, कारखान्यात गरम होतं म्हणून दुखतं.

साहेबांना काही सांगणं शक्य नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी एखाद्याच्या घरी गप्प बसले, पाणी प्यायले आणि उठले. खाली डॉक्टरीणबाईंनी गाडी एका कठड्याला अलगद टेकवून ठेवली होती. "मॅडम, रागावू नका," त्या म्हणाल्या. मी काहीच बोलले नाही, तर त्या अजून घाबरल्या.

आई दाराशीच वाट बघत होती.

"काय म्हणाले?" तिने हळूच विचारलं. "त्यांना कळलंय का? वर सांगतील का ते? माझं पेन्शन..."

"आई, कारखाना पाडून तिथे आता गाड्या लावायची जागा झालीय. वर कुणी राहिलेलं नाही. तू मुद्दाम करपवायचीस?"

"हळू बोल. तो जागा आहे."

"मुद्दाम की नाही?"

आईने मान खाली घातली. चोरी पकडलेल्या पोरीसारखी ती पदर बोटाला गुंडाळत उभी होती आणि मला तिची दया यायच्या ऐवजी रागच आला. काय करू, माझं असंच आहे. जीव तुटायला लागला की तोंड सुटतं.

"वेडी आहेस का तू? मुकादम झाली असतीस! उभं राहून राहून पायांच्या शिरा सुजल्या तुझ्या, खुर्चीत बसून काम केलं असतंस. नसलेला नंबर डोळ्यावर चढवून वर्षानुवर्षं डोकं दुखवून घेतलंस. कशासाठी? पोरांना गोड मिळावं म्हणून? एवढे लाड कुणी सांगितले होते? गोडाशिवाय काय मेलो असतो आम्ही?"

आईने वर पाहिलं.

"गोडाशिवाय कुणी मरत नाही," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला माझं पटलं.

"जा, दूध घेऊन ये," ती पुढे म्हणाली. "आणि साखर. साखर भरपूर आण, माझा हात आता चुकेल."

रविवारी दुपारी आम्ही दोघी गॅससमोर उभ्या राहिलो. म्हणजे आई उभी, मी येरझाऱ्या घालत होते. उद्या वजन होतं. दूध आटवून, पीठ लावून, पुडिंग ढवळून तिने खोलगट भांड्यात गार व्हायला ठेवलं. मग जाड बुडाच्या पातेल्यात साखर टाकली. साखर वितळली, पिवळी झाली, सोनेरी झाली, आणि आईचा हात आपोआप पातेलं उचलायला गेला. सवयच ती. पातेलं अर्धवट उचललं आणि तिने परत खाली ठेवलं. ओठ घट्ट मिटलेले. धूर यायला लागला. मी म्हटलं, "आई, बंद कर, गेलं, गेलं!" ती म्हणाली, "गप्प बस. आणि तो पाय आपटायचा थांबव." वास घसा धरायला लागला, समोरच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, काय जळतंय म्हणून. तेव्हा आई म्हणाली, "आत्ता," आणि पाक ओतला. चर्र करून काळी टोपी पुडिंगवर पसरली. तोच वास. मी सिंकला धरून उभी राहिले.

संध्याकाळी ढब्याला उशांना टेकवून बसवलं. त्याने पहिला चमचा घेतला आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"हा! ताई, हाच! अगं, कुठून आणलास?"

मी रडत रडत आईकडे बोट दाखवलं. त्याने दुसरा चमचा घेतला. तिसरा घेतला. चौथा अर्धा घेतला आणि थांबला. गिळताना त्याची मान ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं. चमचा वाटीत ठेवला.

"बास," तो म्हणाला. "मन भरलं. पुढे जात नाही गं."

"जात नाही म्हणजे? शहर पालथं घातलं मी तुझ्यासाठी! टोपीवाला हवा होता ना? हा घे टोपीवाला! उद्या वजन आहे, ढब्या, खा रे, अरे खा!" मी अक्षरशः किंचाळत होते. तो वाटीकडे बघत होता.

"ओरडू नकोस, ताई. मलाही खायचाय. पण घसा सोलतो. आणि खरं सांगू? कडू आहे हा. इतका कडू असायचा? अख्खा डबा कसा संपवायचो आपण?"

"तेव्हाही कडूच असायचा," आई म्हणाली.

ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचे भाव सांगावेत तसा.

"कडू होता. पण तुम्हाला भूक असायची. महिना सरत आला की घरात दुसरं काही उरायचंच नाही."

ढब्या हसला. "काहीतरीच. त्या दिवशी चुलीला सुट्टी असायची."

"सुट्टी कसली? चुलीवर ठेवायला काही नसायचं. पिठाचा डबा घासून पुसून पालथा असायचा. तुम्हाला काय सांगणार? म्हटलं, नाचताहेत तर नाचू देत."

मी पलंगाचा कठडा घट्ट धरून ठेवला होता. ढब्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. सगळ्या लहानपणात एवढी सुखाची संध्याकाळ दुसरी नव्हती, असं आम्ही दोघंही कुणालाही सांगत आलो होतो. मी तर माझ्या मुलांनाही सांगितलं होतं.

आईने पुढे होऊन त्याच्या हातातली वाटी घेतली आणि पलंगावर बसली.

"आवडतंय का नाही ते बघत बसू नकोस," ती त्याला म्हणाली. "हे गोड नाहीये, जेवण आहे. जेव."

त्याने तोंड उघडलं. आईने चमचा घातला. त्याने गिळलं, आवळलेल्या मुठीने चादर धरून गिळलं. ती थांबली. घाई केली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही, शाबास म्हटलं नाही. त्याचा श्वास जागेवर आला तसा पुढचा चमचा दिला. मध्ये तो कण्हला, मध्ये खोकला, एकदा नको म्हणून मान हलवली. आई चमचा धरून बसून राहिली, त्याने तोंड उघडेपर्यंत. खिडकीबाहेर अंधार पडला तरी दिवा लावायला मी उठले नाही. वाटी संपली. आईने मला भांडं दे म्हणून खूण केली आणि दुसरी वाटी भरली.

ढब्या तिच्याकडे बघत होता. काहीतरी हिशोब जुळवत असल्यासारखा.

"आई," तो म्हणाला, "डबा आम्ही दोघंच संपवायचो. त्या दिवशी तू काय खायचीस?"

"जेवताना बोलू नये," आई म्हणाली आणि चमचा भरून त्याच्या तोंडासमोर धरला.